टाकून द्यायचे कागद जमवायचे असतील तर: नवशिक्यांसाठी

बसचं तिकीट, वाण्याचं बिल, काडेपेटीवरचं लेबल, लग्नपत्रिका, नाटकाचं हँडबिल, गणपतीच्या वर्गणीची पावती, निवडणुकीत दाराखालून सरकवलेलं पत्रक. काम झालं की हे कागद फेकले जाणार, हे छापतानाच ठरलेलं असतं. म्हणून तर ते उरत नाहीत. १९६५ सालची कादंबरी हवी असेल तर एखाद्या जुन्या वाचनालयात मिळून जाईल. त्याच वर्षीचं आपल्या पेठेतल्या किराणा दुकानाचं छापील बिल शोधायला निघालात, तर नाकी नऊ येतील.

हा छंद फुटकळ वाटतो, पण त्याला जगभर मान आहे. लंडनमध्ये १९७५ साली मॉरिस रिकर्ड्स यांनी अशा कागदांसाठी ‘इफेमेरा सोसायटी’ काढली. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रक जॉन जॉन्सन यांनी जमवलेला असाच अवाढव्य साठा आज तिथल्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. आपल्याकडे मुंबईत बेस्टच्या आणिक आगारात संग्रहालय आहे. जुनी तिकिटं आणि तिकिटांच्या पेट्या पाहायला तरी तिथे एकदा जाऊन या.

सुरुवात करायला पैसे जवळजवळ लागत नाहीत. लागते ती शिस्त, आणि नेमकी तिथेच बहुतेकांची गाडी अडते. कागद जमतात, पण कुठून आले, कधी आले, कुणाचे होते याची नोंद नसते. पाच वर्षांनी पिशवी उघडली की मालकालाही काही सांगता येत नाही, आणि घरचे म्हणतात ते बरोबर ठरतं: ही रद्दीच आहे. ही पाळी येऊ नये म्हणून काय करायचं, ते क्रमानं पाहू.

पहिली पायरी: एकच विषय धरा

‘मी सगळंच जमवतो’ म्हणणाऱ्याकडे संग्रह कधी होत नाही, ढीग होतो. विषय प्रकारावरून धरता येतो (फक्त रेल्वेची तिकिटं), वस्तूवरून धरता येतो (चहाशी संबंधित जे जे छापलं गेलं ते), किंवा गावावरून. माझा कल गावाकडे आहे. आपला तालुका किंवा आपली पेठ घेतली की तिथलं थिएटर, खानावळ, साखर कारखाना, जत्रा, छापखाना या सगळ्यांचे कागद एकमेकांशी बोलू लागतात. शिवाय काही अडलं तर विचारायला माणसंही तिथेच असतात.

तरी अगदी पहिलाच विषय हवा असेल तर मी वर्गणीची पावती सुचवेन. ती दरवर्षी आपण होऊन दारात येते. तिच्यावर मंडळाचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, पावती क्रमांक, तारीख, वसूल करणाऱ्याची सही आणि बहुतेक वेळा ‘वर्ष ४८ वे’ असा उल्लेख असतो. २०२४ च्या पावतीवर ४८ वं वर्ष असेल, तर मंडळ १९७७ चं. पहिलं वर्ष धरूनच मोजणी होते, म्हणून वजाबाकी करून एक मिळवायचा. एकाच गल्लीतल्या चार मंडळांच्या दहा वर्षांच्या पावत्या शेजारी ठेवा. देणगीचे आकडे कसे चढले, एकरंगी छपाई जाऊन चाररंगी कधी आली, कोपऱ्यात जाहिरातदार किंवा नगरसेवकाचा फोटो कधी घुसला, मूर्तीच्या चित्राऐवजी मूर्तीचा फोटो कधी आला, सगळं दिसतं. कुठल्या वर्षी मंडळ फुटून दोन झाली तेसुद्धा कळतं, आणि ती गोष्ट अहवालात कुणी लिहीत नाही. अहवालावरून आठवलं: मंडळांचे वार्षिक अहवाल अजिबात सोडू नका. जमाखर्च आणि स्थानिक दुकानांच्या जाहिराती एकाच पुस्तिकेत मिळतात.

लहान मुलांबरोबर हा छंद करायचा असेल तर काडेपेट्या उत्तम. चित्रं रंगीत, आकार ठरलेला, पैसे नगण्य. महाराष्ट्राचा दुवाही जवळचा आहे: विम्को कंपनीचा काडेपेट्यांचा मोठा कारखाना अंबरनाथला होता. आज मात्र बहुतेक माल तामिळनाडूतल्या शिवकाशी, कोविलपट्टी भागातून येतो.

रेल्वेच्या पुठ्ठ्याच्या तिकिटांचा नाद एकदा लागला की सुटत नाही. थॉमस एडमंडसन या इंग्लंडमधल्या स्टेशनमास्तरानं १८३० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत काढली, आणि संगणकाचं तिकीट येईपर्यंत आपल्या रेल्वेनं ती चालवली. असं एखादं तिकीट हातात घेऊन सावकाश पाहा. साधारण ५७ मिलिमीटर लांब, तीस-एक मिलिमीटर रुंद, नखानं वाकवलं तर जेमतेम वाकेल इतकं जाड. कुठून कुठे, वर्ग कुठला, भाडं किती हे आधीच छापलेलं. अनुक्रमांक वेगळा उमटवलेला. तारीख मात्र शाईनं छापलेली नसते. तिकीट यंत्राच्या फटीत सरकवलं की ती कडेला दाबून उमटायची. म्हणून समोरून न दिसणारी तारीख तिकीट तिरपं करून उजेडात धरलं की वाचता येते. नवशिके नेमकं इथेच ‘तारीख नाही’ असं लिहून मोकळे होतात.

दुसरी पायरी: पहिलं वर्षभर विकत काही घेऊ नका

आधी घर पाहा. माळ्यावरच्या ट्रंकेच्या तळाशी अंथरलेले कागद, जुन्या पाकपुस्तकात खूण म्हणून घातलेली तिकिटं, पोथीच्या घडीतल्या पावत्या, आजोबांच्या सदऱ्यांच्या खोक्यातली शिंप्याची बिलं. जुन्या पुस्तकांची पानं उलटून बघायची सवय लावून घ्या. लोक पुस्तकात काय काय ठेवून विसरतात त्याला सुमार नाही.

मग ओळखीपाळखी. दुकान बंद करणारा, वाडा पाडून इमारत बांधणारा, गाव सोडणारा अशा प्रत्येकाकडे कागदांचं एक गाठोडं असतं आणि त्याला ते नको असतं. विचारताना ‘जुनं काही असेल तर द्या’ असं म्हणू नका. समोरच्याला वाटतं तांबं-पितळ मागतायत, किंवा सोनं. ‘फेकणार असाल ती बिलबुकं, पत्रिका, कॅलेंडरं मला द्याल का?’ असं सरळ विचारा.

तालुक्याच्या गावातले जुने छापखाने ही तर खाण आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रत्येकाकडे नमुन्यांची फाइल असायची: पत्रिका, दुकानाच्या उद्घाटनाची कार्डं, लेटरहेड, तेराव्याची कार्डं. गिऱ्हाईक तीच चाळून ‘असं छापा’ म्हणायचं. खिळ्यांची, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून केलेली छपाई बंद पडली तेव्हा शिसं वजनावर गेलं, छपाईचं ट्रेडल मशीन भंगारात गेलं आणि फाइल रद्दीत. जी अजून गेलेली नाही ती मिळाली तर एका गावची तीस वर्षं एका दमात हाती लागतात. जुळारी म्हणून, म्हणजे खिळे जुळवायचं, काम केलेला कुणी भेटला तर फाइल घेऊन त्याच्यासमोर बसा. कुठला ठसा कुठून आणला होता, हे तो बोटानं दाखवतो.

आणि आजचे कागद विसरू नका. आज फुकट मिळतं ते जपायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. मुंबईच्या लोकलची कूपनं आठवतात? स्टेशनवरच्या लाल यंत्रात घालून शिक्का मारायची ती पुस्तिका लाखो लोकांच्या खिशात होती. आता शोधा.

तिसरी पायरी: बाजार

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट आहे. तिथे शुक्रवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. पण माझ्या मते या दोन्हींपेक्षा गल्लीतला रद्दीवाला बरा. बाजारातल्या माणसाला किंमत कळलेली असते, रद्दीवाल्याकडे अजून वजन चालतं. त्याच्याशी संबंध जोडा. रद्दीच्या भावापेक्षा थोडे जास्त द्या आणि सांगून ठेवा की छापील पावत्या, पत्रिका, जुनी कॅलेंडरं दिसली की बाजूला ठेवा. गठ्ठा आला की तिथेच निवडत बसू नका. अख्खा गठ्ठा घ्या. एका घरातून निघालेले कागद एकत्र राहिले तरच त्या घराची गोष्ट लागते. त्यातलं एक ‘छान’ तेवढं काढून घेतलंत, की बाकीचेही मुके होतात.

विकत घेताना दोन गोष्टींची सावधगिरी बाळगा. काडेपेटीची जुनी लेबलं आणि कापड गिरण्यांची रंगीत लेबलं यांना आता सजावटीच्या बाजारात मागणी आहे, त्यामुळे नवी छापून जुनी म्हणून विकली जातात. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा. ते कसं वापरायचं ते पुढे सांगतो. दुसरं, फ्रेम केलेला कागद घेऊ नका. मागची बाजू बघता येत नाही, आणि अर्धी माहिती मागच्या बाजूला असते.

भाव किती द्यावा? याचं कोष्टक नाही. आपल्या विषयात बसत नसेल तर दहा रुपयेही जास्त.

चौथी पायरी: कागद घरात आल्यावर

पहिले दोन दिवस तो बाकीच्या संग्रहात मिसळू नका. कसर, वाळवी, झुरळाची अंडी यांपैकी काहीतरी बरोबर आलेलं असू शकतं. पांढऱ्या कागदावर झटका आणि काय पडतं ते बघा. रंगाचा मऊ ब्रश, कोरडा, मधून कडेकडे फिरवायचा. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढायच्या, पण ओढायच्या नाहीत. पाठीमागचे दोन पाय आधी उचलून सरळ करा. गंजाचा डाग पडला असेल तर पडू दे. लिंबू, ब्लीच, खोडरबर यांपैकी काहीही करून कागद ‘स्वच्छ’ करायला जाऊ नका.

घडी पडलेला कागद लगेच दाबून उलगडू नका, तो घडीवर तुटतो. पावसाळी हवेत उघडा करून एक रात्र ठेवला की आपोआप मऊ पडतो, मग दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर जाड पुस्तकं ठेवायची. दमट हवेचा हा एवढा एकच फायदा.

काडेपेट्यांचं वेगळं आहे. जुन्या लाकडी पापुद्र्याच्या पेटीवर लेबल चिकटवलेलं असायचं. आधी ओला कापूस एका कोपऱ्याला टेकवून रंग सुटतो का पाहा. सुटला तर पेटीसकटच ठेवा. नाही सुटला तर कोमट पाण्यात पेटी तरंगत ठेवायची आणि थांबायचं. खळ विरघळली की लेबल बोटानं सरकतं, ओढावं लागत नाही. टीपकागदावर अर्धवट वाळू द्या आणि मग वजनाखाली ठेवा. आजच्या पेट्या पुठ्ठ्याच्या, चित्र थेट पुठ्ठ्यावर छापलेलं. त्यांना पाणी लावायचं नाही, चिकटवलेला सांधा सोडवून पेटी सपाट करायची. काड्या काढून घ्या, स्वयंपाकघरात वापरा. भरलेल्या काडेपेट्यांचा डबा कपाटात ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं असतं. ते पुसू नका, ती पत्रिका खरंच कुणाच्या तरी घरी गेली होती याचा तो पुरावा आहे. पण ते शेजारच्या कागदाला लागतं, म्हणून अशा पत्रिकांच्या मध्ये कोरा कागद घाला.

आता मशीनमधून निघणाऱ्या तिकिटांबद्दल, कारण हल्ली येणारा निम्मा माल तोच असतो. एसटी आणि बेस्टच्या यंत्रातली तिकिटं, एटीएमची चिठ्ठी, मॉलचं बिल हे सगळं थर्मल कागदावर असतं. त्यावर शाई नसतेच. कागदाला लावलेला रसायनाचा थर उष्णतेनं काळा होतो. ओळखायचं सोपं: कोपऱ्यावर नख जोरात ओढा, काळी रेघ उठली तर थर्मल. ही अक्षरं उजेडानं, उन्हानं, मऊ प्लास्टिकच्या खिशात ठेवल्यानं, हाताला लावलेल्या सॅनिटायझरनंसुद्धा उडतात. गाडीच्या काचेमागे राहिलेलं तिकीट तर कधी पूर्ण काळं होतं. उपाय एकच, आला त्याच दिवशी स्कॅन करायचा किंवा फोनवर सरळ वरून फोटो काढायचा, आणि मूळ कागद कागदाच्याच पाकिटात अंधारात ठेवायचा. तरीही कधीतरी तो कोरा होईल. बेस्टच्या कंडक्टरच्या ॲल्युमिनियमच्या पेटीतलं, रंगावरून भाडं ओळखता येणारं, पंचानं भोक पाडलेलं पातळ तिकीट साठ वर्षं टिकतं आणि यंत्राचं तिकीट पाच वर्षांत कोरं पडतं, ही आपल्या काळाची थट्टाच आहे.

पाचवी पायरी: नोंद

लेखातलं सगळं विसरलात तरी हे करा. कागद घरात आला की चोवीस तासांच्या आत त्याची नोंद झाली पाहिजे. एक साधी वही किंवा स्प्रेडशीट पुरते. रकाने असे: क्रमांक, काय आहे, कुठल्या गावचं, त्यावरची तारीख किंवा अंदाज, कुणाकडून कुठे मिळालं, कधी मिळालं, आणि देणाऱ्यानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत. हा शेवटचा रकाना सगळ्यांत मोठा ठेवा. ‘हा हॉटेलवाला आमच्या घरासमोर होता, मिसळ फक्त सकाळी मिळायची, मालक वारल्यावर मुलानं मोबाइलचं दुकान काढलं’ अशी माहिती कागदावर कुठेच छापलेली नसते.

तोच क्रमांक कागदाच्या पाठीमागे, कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं. पेन नाही, मार्कर नाही, स्टिकर तर नाहीच. कागद गुळगुळीत असेल आणि पेन्सिल उमटत नसेल तर क्रमांक पाकिटावर लिहा, पण कागद आत घालायच्या आधी.

कागदावर आधीपासून असलेल्या खुणा मात्र पवित्र माना. कंडक्टरचं भोक, बिलामागे केलेली बेरीज, पत्रिकेवर लिहिलेलं ‘सहकुटुंब सहपरिवार’, कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या फुल्या. बाजारात कोऱ्या करकरीत प्रतीला भाव जास्त मिळतो. मला वापरलेली प्रत हवी असते. कालनिर्णयची (१९७३ पासून निघतं) कोरी प्रत आणि गॅस कधी लावला, बाई कधी आली नाही, मुलाची परीक्षा कधी, हे सगळं लिहिलेली प्रत, यांतलं दुसरं कुठल्याही छापखान्यात पुन्हा छापता येणार नाही.

सहावी पायरी: वय कसं ओळखायचं

खरी मजा इथे आहे. निम्म्या कागदांवर वर्ष नसतं, कारण छापणाऱ्याला वाटतं की यंदा कुठलं साल चालू आहे हे सगळ्यांना माहीतच आहे. मग कागदावरच्या बारीकसारीक खुणांवरून ‘याच्या आधीचं नाही’ आणि ‘याच्या नंतरचं बहुधा नाही’ अशा दोन भिंती उभ्या करायच्या.

किंमत आधी पाहा. आण्यात असेल तर साधारण १ एप्रिल १९५७ च्या आधीचं किंवा बदलाच्या त्या काही वर्षांतलं. ‘नवे पैसे’ असं लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४. नंतर ‘नवे’ गळालं. ₹ हे चिन्ह २०१० नंतरचं. काडेपेटीवर किंमत दोन रुपये असेल तर ती डिसेंबर २०२१ नंतरची, त्याआधी बराच काळ ती एक रुपयाला होती. बिलावर जीएसटी क्रमांक म्हणजे १ जुलै २०१७ नंतरचं.

मग पत्ता. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी ‘मुंबई २८’, ‘पुणे २’ असं लिहीत. इथे एक गोम आहे: पिनकोड असेल तर कागद नक्की १९७२ नंतरचा, पण नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. जुन्या सवयीनं लोक पुढे कितीतरी वर्षं ‘मुंबई २८’च लिहीत राहिले, आणि छापून ठेवलेलं लेटरहेड संपेपर्यंत दुकानदार नवं कशाला छापेल? इंग्रजी मजकुरात बॉम्बेचं मुंबई १९९५ नंतर झालं. मुंबई राज्याचा उल्लेख असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. फोन नंबर किती आकडी आहे तेही पाहा. मुंबई-पुण्याचे लँडलाइन नंबर २ नं सुरू होऊन आठ आकडी दिसले तर ते २००२ च्या सुमारानंतरचे.

पत्रिकांवर बहुतेक वेळा मिती आणि शके असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शक पाडव्याला बदलतो, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवायचे. माघ शके १८९० चं लग्न १९६९ सालचं, १९६८ चं नाही. पत्रिकेच्या मजकुरावरूनही पिढी कळते: ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ असं सुरू होणारी, वडीलधाऱ्यांच्या नावांनी भरलेली पत्रिका एकीकडे, आणि खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ असं छापून चिंटू-पिंकीच्या नावांची किलबिल असलेली दुसरीकडे.

आता एक उदाहरण करून पाहू. समजा नाटकाचं हँडबिल आहे, त्यावर ‘रविवार, दि. १४ मे, दुपारी ४ वा.’ एवढंच. १९६० ते १९८० या काळात १४ मे ला रविवार आला तो १९६१, १९६७, १९७२ आणि १९७८ या चार वर्षी. नाट्यगृहाच्या पत्त्यात ‘दादर, मुंबई ४०० ०२८’ असा पिन असेल, तर पहिली तिन्ही वर्षं बाद, कारण मे १९७२ मध्ये पिनकोड यायचा होता. उरलं १९७८. आता नटसंच बघून ताळा करा; यादीतला एखादा कलाकार तेव्हा रंगभूमीवर आलाच नव्हता असं निघालं तर मुळात दशकच चुकलंय, पुन्हा पहिल्यापासून.

तळाची बारीक ओळ कधी सोडू नका. खासगी छपाईत छापखान्याचं नाव आणि गाव मिळतं. निवडणुकीच्या पत्रकावर तर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं कायद्यानंच बंधनकारक आहे. सरकारी फॉर्मच्या तळाशी बऱ्याचदा मुद्रणालय, प्रतींची संख्या आणि महिना-वर्ष अशी सांकेतिक ओळ असते. भिंग लावून ती वाचली की वयाचा प्रश्नच मिटतो.

भिंग हातात आहेच तर छपाईही बघा. खिळ्यांच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाई जमून दाट रेघ दिसते आणि पाठीमागून बोट फिरवलं तर ठसा हाताला लागतो. ऑफसेटमध्ये कागद सपाट आणि चित्रात ठरावीक ओळीत बसलेले निळे, लाल, पिवळे, काळे ठिपके. शिळाछापाचं, म्हणजे दगडावर चित्र काढून छापलेलं, रंगीत चित्र असेल तर ठिपके असतात, पण हातानं टिपल्यासारखे वेडेवाकडे, आणि एकावर एक रंगांचे थर. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली गिरगावात सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या काळातली देवादिकांची चित्रं आणि लेबलं या पद्धतीची. तेव्हा ‘शंभर वर्षांपूर्वीचं लेबल’ म्हणून दाखवलेल्या चित्रात भिंगाखाली कवायतीला उभे राहिल्यासारखे ठिपके दिसले, तर लेबल परत द्या आणि चहा पिऊन घरी या.

सातवी पायरी: ठेवायचं कसं

कागदाचे शत्रू चार: दमट हवा, ऊन, किडे आणि आपण. यातलं चौथं सगळ्यांत वाईट. लॅमिनेशन करू नका. ते परत निघत नाही आणि आतला कागद तापून, चिकटून संपतो. सेलोटेप पिवळी पडते आणि तिचा डाग खोल जातो. फेव्हिकॉल, रबरबँड, स्टेपलर हे सगळं हद्दपार. वहीत चिकटवण्याऐवजी फोटो-कॉर्नर वापरा, म्हणजे कागद केव्हाही काढून मागची बाजू पाहता येते. प्लास्टिकचे खिसे घ्यायचेच असतील तर पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिएस्टरचे. उग्र वास येणारे मऊ पीव्हीसीचे फोल्डर कागदावरची शाई उचलतात.

स्वस्तातला मार्ग म्हणजे चांगल्या पांढऱ्या कागदाची घरी केलेली पाकिटं आणि घट्ट झाकणाचा डबा. वर्तमानपत्रात काही गुंडाळू नका. तो कागद आम्लधर्मी असतो. स्वतः पिवळा पडतो आणि शेजाऱ्यालाही पाडतो. तुमच्या विषयात वर्तमानपत्राची कात्रणं असतील तर ती वेगळी ठेवा.

जागा: स्लॅबखालचा माळा नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, पावसाळ्यात भिंत पाझरते. आतल्या भिंतीचं, मधल्या खणाचं कपाट बरं. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जूनच्या आधी बदला. डांबरगोळ्या कागदाला थेट लागू देऊ नका. पोथ्यांच्या रुमालात वेखंड ठेवायची जुनी पद्धत आहे, ती चालते, पण पूड कागदावर न सांडता पुरचुंडीत. गणपती झाले, पाऊस ओसरला की कोरड्या दिवशी सगळे डबे उघडून सावलीत वारा द्या आणि एकेक कागद पाहून घ्या. सावलीत म्हटलंय, गच्चीवर उन्हात नाही.

थोडं कायद्याचं आणि सभ्यतेचं

या कागदांवर माणसांची नावं असतात. डॉक्टरांची चिठ्ठी, पगाराची स्लिप, जन्मटिपण, बँकेची पावती हे सगळं गठ्ठ्यात येतं. माणसं हयात असू शकतात, त्यांची मुलं तर असतातच. स्वतःजवळ ठेवायला हरकत नाही, पण ऑनलाइन टाकताना नाव, पत्ता, मोबाइल, खाते आणि आधार क्रमांक झाका. वाड्यातून मिळालेला गठ्ठा घरी उघडल्यावर त्यात खासगी पत्रं निघाली तर ती मूळ घरच्यांना विचारूनच ठेवा किंवा परत करा.

परदेशातल्या कुणाला जुने कागद पाठवणार असाल तर जपून. पुरावस्तू आणि कलावस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाची हस्तलिखितं आणि दस्तऐवजही येतात, आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. काडेपेटीच्या लेबलासाठी कुणी अडवणार नाही, पण संस्थानी शिक्क्याची सनद गठ्ठ्यातून निघाली तर ती तुमच्या छंदाची वस्तूच नव्हे. जवळच्या पुराभिलेखागारात नाहीतर इतिहास संशोधन मंडळात नेऊन दाखवा.

डबल आणि अदलाबदल

वर्षभरात तुमच्याकडे डबल साठतील. सगळ्यांत चांगली प्रत आणि सगळ्यांत जास्त खुणा असलेली प्रत, अशा दोन ठेवा. बाकीच्या अदलाबदलीसाठी वेगळ्या पाकिटात. दुसरा संग्राहक भेटला की पहिल्याच भेटीत भाव करू नका. आपले डबल पुढे करा, त्याचे बघा. त्याच्याकडे तुमच्या गावचं काही असेल आणि तुमच्याकडे त्याच्या गावचं, तर दोघांचंही भागतं. मात्र देताना नोंदीतली माहिती चिठ्ठीवर लिहून बरोबर द्या आणि घेताना तीच मागा. ‘कुठून मिळालं?’ या प्रश्नाला जो उत्तर देत नाही त्याच्याशी फार व्यवहार करू नका.

विषयात न बसणारं काढून टाकायलाही शिका. तुम्ही पावत्या जमवता आणि कुणी प्रेमानं शे-दीडशे जुनी लॉटरीची तिकिटं दिली, तर ती लॉटरीवाल्याला द्या. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे, जमवणारा कुणीतरी निघतोच. नाही निघाला तर पाकिटावर ‘लॉटरी, कुणाकडून मिळाली, कधी’ एवढं लिहून खालच्या खणात ठेवा आणि पुढच्या बुधवारी जुन्या बाजारात विचारा.